घरच्या आठवणींवरून स्वतःचा पोकर चिप सेट कसा बनवायचा (सांगलीत बसून, पहिल्यापासून शेवटपर्यंत)

ज्यांच्या घरी दिवाळीला, कोजागरीला नाहीतर लग्नघरात रात्री पत्त्यांचा डाव बसतो त्यांच्यासाठी हे लिहितोय. सांगलीत आमच्याकडं डावाला आधी चिंचोके असायचे, ते कमी पडले की काडेपेटीतल्या काड्या, पोरं जास्त जमली की शेंगदाणे, आणि शेंगदाणे डाव संपायच्या आत संपायचे. आता सगळे बाजारातले पोकर चिपचे सेट आणतात, चकचकीत सुटकेसमधे येतात ते, त्यावर फासे छापलेले नाहीतर अमेरिकेतल्या कुठल्यातरी कॅसिनोचं नाव. खेळायला ठीक आहेत, पण तीनशे गोल तुकडे घरात येणारच असतील आणि पुढची वीस-तीस वर्षं प्रत्येक डावाला हातात फिरणार असतील तर त्यांच्यावर आपल्याच घरातलं काहीतरी का नसावं? तर ते कसं करायचं ते सांगतो, खेळ ठरवण्यापासून डब्यापर्यंत सगळं.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. चिप ही खेळायची वस्तू आहे, बघत बसायची नंतर. ३९ मिमीच्या गोलात आजोबांचा फोटो टाकला तर तो टेबलाच्या पलीकडून कुणाचा आहे तेच कळत नाही, आणि डाव रंगात आला की चिप उचलून फोटो बघायला कुणाला वेळ असतो? आठवण रंगात उतरवायची, काठावर उतरवायची, एखाद्या साध्या खुणेत उतरवायची. मग चिपला खुणेचंच नाव पडतं, कुणीतरी "दोन हळदी टाक" म्हणतं, दुसरा "माझ्याकडं पूल संपले" म्हणतो, तिथं आठवण खेळात आली.

आधी खेळ ठरवा, मग आकडे

बहुतेक जण थेट डिझाइन करायला बसतात, तसं करू नका, तुमच्याकडं खरंच कुठला खेळ होतो ते आधी बघा कारण चिपची किंमत त्यावर ठरते. टेक्सास होल्डेम पोकर टूर्नामेंटसारखं खेळत असाल तर २५, १००, ५००, १००० अशा किमती चांगल्या चालतात. दर पायरीला दुप्पट ते पाचपट वाढ, आणि चारपट-पाचपट सगळ्यात सोयीची, कारण सगळ्याच पायऱ्या दुपटीच्या ठेवल्या तर चिपचे प्रकार फार होतात आणि दहापट ठेवल्या तर सारखं सुट्टं मागत बसावं लागतं. एका माणसाला २५ च्या ८, १०० च्या ८, ५०० च्या ४ आणि १००० च्या ७ दिल्या की बरोबर दहा हजार होतात.

पण आपल्या घरांत जास्त करून रमी आणि तीन पत्ती. तेरा पानी रमीचा पॉइंटचा हिशोब बघा, पहिल्याच हाताला पॅक केलं, म्हणजे डाव सोडला, तर २०, मधे पॅक केलं तर ४०, आणि फुल बसलं तर ८०. म्हणजे २० ची चिप असली की एक, दोन आणि चार चिप्समधे काम भागतं, सुट्ट्याचा घोळ नाही. बाजारातल्या सेटमधे २५ ची असते आणि रमीला तिचा काही उपयोग होत नाही. म्हणून रमीवाल्या घरासाठी माझं मत १, ५, २० आणि १००. तीन पत्तीलाही हेच चालतं, पान बघून चाल करणाऱ्याला ब्लाइंडच्या, म्हणजे पान न बघता खेळणाऱ्याच्या, दुप्पट टाकावं लागतं त्यामुळं तिथं १ आणि ५ भरपूर लागतात.

आता किती घ्यायच्या. आठ जण धरा आणि प्रत्येकाला ५०० पॉइंट द्यायचे. १ च्या १०, ५ च्या १०, २० च्या १२ आणि १०० च्या २, झाले ५००, माणशी ३४ चिप्स. आठ जणांच्या मिळून २७२ होतात. चिप्स वीसवीसच्या चवडीत ठेवायची पद्धत आहे म्हणून वीसच्या पटीत जायचं, १ च्या ८०, ५ च्या ८०, २० च्या १०० आणि १०० च्या ४०, एकूण ३००, बरोबर पंधरा चवडी. वाटून उरलेल्या बँकेत राहतात, कुणी हरला की तिथून द्यायच्या.

पैसे लावून खेळायचा विषय इथं नाही. महाराष्ट्रात जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ पासूनचा आहे, आणि घरच्या डावाला पॉइंटच बरे, लहान पोरं पण बसतात. म्हणून चिपवर रुपयाचं चिन्ह टाकायचं नाही, नुसता आकडा.

आठवणी गोळा कशा करायच्या

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या, घाई इथं करायची नाही. म्हाताऱ्या माणसांना "जुनी आठवण सांगा" म्हणालात तर "काय सांगायचं, चाललंय आपलं" एवढंच मिळतं. वस्तूबद्दल विचारा. गोणीवर मार्का कुठला मारायचे, अंगणात झाड कसलं होतं, शाळेला जाताना वाटेत काय लागायचं, आजीचं सणाचं लुगडं कुठल्या रंगाचं होतं, सायकल कुठल्या कंपनीची, डाव कुठल्या सतरंजीवर बसायचा. वस्तूचं नाव काढलं की माणसं बोलायला लागतात. आत्याला मी आजीच्या लुगड्याचा रंग विचारला तर ती काठावरच गेली, "काळी चंद्रकळा रं, इरकली, पण काठ असा लाल, बोटभर, आणि पदराला टोप, पांढरे, दातावानी," आणि दोन बोटं पसरून काठाची रुंदी दाखवली. त्या एका वाक्यात एका चिपचा रंग, काठ आणि नक्षी तिन्ही मिळतं, फोटो असता तरी एवढं मिळालं नसतं कारण जुने फोटो काळेपांढरे.

फोटोंचं आपल्याकडं अजून एक आहे. २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ आहे, आणि कितीतरी घरांतले लग्नाचे अल्बम, कागदपत्रं सगळं चिखलात गेलं. ज्या घरांत फोटो उरलेले नाहीत त्यांनी तर हे नक्की करा, कारण याला फोटो लागत नाही, सांगणारं माणूस लागतं.

बोलणं फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, त्यांना सांगून. त्यांचे शब्द जसेच्या तसे पुढं लागणार आहेत. आणि एकालाच विचारू नका, काकांना जे झाड चिंचेचं आठवतं ते आत्याला कवठाचं आठवतं, दोघांना समोरासमोर बसवा आणि चहा ठेवा, भांडून भांडून तिसरीच गोष्ट बाहेर येते.

यातून पंधरा-वीस गोष्टी जमतील, घ्यायच्या चारच. मी अशी चाळणी लावतो: ती गोष्ट चार रेषांत काढता आली पाहिजे, तिला तिचा स्वतःचा एक रंग असला पाहिजे, आणि घरातल्या किमान दोन पिढ्यांना ती माहीत असली पाहिजे. पहाटेचा भूपाळीचा आवाज ही सुंदर आठवण आहे पण चिपवर उतरत नाही, ती गोष्टीच्या कागदासाठी ठेवा, त्याचं खाली सांगतो.

सांगलीत हा प्रश्न येतोच म्हणून सांगून टाकतो, गणपती टाकायचा का? माझं स्पष्ट मत, टाकू नका. चिप खाली पडते, पायाखाली येते, रांगतं पोर तोंडात घालतं. देव नको आणि गेलेल्या माणसाचा चेहरा पण नको, ज्या हातानं नमस्कार करायचा त्याच हातानं ती फेकायला लागते आणि घरातल्या कुणाला तरी ते लागतंच. आजोबांचा चष्मा घ्या, त्यांची टोपी घ्या, अडकित्ता घ्या, बाप्पाच्या ऐवजी जास्वंद घ्या.

खुणेनं काम कसं होतं ते बघायचं असेल तर सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे जुन्या पद्धतीचे पत्ते, बघा. गोल पानं, हातानं रंगवलेली, दशावतारी गंजिफेत दहा रंग (इस्पिक-बदामसारखे गट) आणि प्रत्येकात बारा अशी १२० पानं. अवताराचं चित्र राजा आणि प्रधानाच्या पानावर, बाकी दहा पानांवर नुसती खूण, मत्स्याला मासा, कूर्माला कासव, आणि प्रत्येक रंगाची जमीन, म्हणजे पानाचा मागचा रंग, वेगळी. लांबून पान ओळखायचं कसं हा प्रश्न त्या कारागिरांनी आपल्या आधी कितीतरी पिढ्या सोडवलाय, तोच धडा चिपला लागू होतो.

आमचे चार आणि ते तसे का

१ ची चिप चिंचोका. जमीन साय रंगाची, मधे गडद तपकिरी चिंचोका, बास. पूर्वी डावात एकाची किंमत चिंचोक्याचीच होती, तीच पुढं चालू.

५ ची हळद. आमच्यासारख्या बऱ्याच सांगलीकर घरांचा कुठला ना कुठला धागा हळदीत अडकलेला आहे, कुणी आडतीवर होतं, कुणी हमाल, कुणाची हरिपूरला पेवं. पेव म्हणजे जमिनीखालचं हळद साठवायचं कोठार, वर तोंड लहान आणि खाली पोट मोठं. चिपवर वरून बघितलेलं पेवाचं तोंड आहे, एक काळा गोल आणि भोवती कडं, आणि बाजूला गोणीवर मारायचे तशा ठसठशीत तुटक स्टेन्सिल अक्षरांत आकडा. स्टेन्सिल अक्षरं या कामाला फार चांगली, जाड असतात, बारीक छपाईतही भरून जात नाहीत.

२० चा पूल. आयर्विन पूल १९२९ चा, खाली कृष्णा, कमानी एकामागून एक. शाळा, बाजार, माहेर, दवाखाना, सगळं त्याच्यावरून. पुलाचं पूर्ण चित्र काढायचं नाही, गोलात ते मावत नाही, तीन कमानी आणि खाली पाण्याची एक जाड रेघ. रमीत २० ची चिप सगळ्यात जास्त हातात येते म्हणून घरातल्या प्रत्येकाला माहीत असलेली गोष्ट तिला दिली.

१०० ची चंद्रकळा. काळी जमीन, लाल काठ, पांढरे टोप, मधे फक्त आकडा.

रंग एकमेकांत मिसळायला नकोत

चार गोष्टी स्वतंत्र छान दिसतात आणि एकत्र ठेवल्या की गोंधळ होतो. साय रंग आणि पिवळा हे पिवळ्या बल्बखाली जवळजवळ सारखे दिसतात, म्हणून हळद लिंबासारखी फिकी नको, वाळलेल्या हळकुंडाचा भगव्याकडं झुकणारा गडद पिवळा घ्या. निळा आणि काळा हा दुसरा धोका, दिवाळीत लाइट मंद करून बसतात तेव्हा गडद निळा सरळ काळा वाटतो, तेव्हा पुलाचा निळा उजळ पाहिजे. तपकिरी-हिरवा आणि लाल-हिरवा या जोड्या टाळाच, काही जणांना तो फरक दिसत नाही आणि पुरुषांमधे हे प्रमाण बायकांपेक्षा बरंच जास्त असतं, घरात कुणाला असेल तर त्याला स्वतःला पण माहीत नसतं कधी कधी.

यावर सोपी परीक्षा आहे. चारही डिझाइन शेजारी ठेवून स्क्रीनशॉट काढा आणि फोनमधे तो फोटो काळापांढरा करा. चार वेगवेगळ्या करड्या छटा दिसल्या तर पास, दोन सारख्या दिसल्या तर त्यातली एक उजळ करा नाहीतर गडद करा. रंग बदलायला जीवावर येतं हे मान्य, "लुगडं तर काळंच होतं" वगैरे, पण मग ती तशीच ठेवून शेजारची बदला.

चिप कशाची

डिझाइन पुढं नेण्याआधी मटेरियल ठरलं पाहिजे कारण काठावर छापता येतं की नाही ते त्यावर आहे.

सगळ्यात स्वस्त रस्ता म्हणजे प्लास्टिकच्या तयार कोऱ्या चिप्स, मधे स्टिकरसाठी गोल खाच असते. बऱ्याच जणांत वजनासाठी आत लोखंडी चकती असते, साडेअकरा ग्रॅम वगैरे भरतात. काठाचे ठिपके आधीच ठरलेले येतात, तुमच्या हातात फक्त मधलं स्टिकर. खाच व्हर्नियरनं मोजा, कुपवाडच्या एमआयडीसीत काम करणारं कुणीतरी ओळखीत असतंच त्याच्याकडून मोजून घ्या, आणि स्टिकर अर्धा मिमी लहान कापायला सांगा. दोन्ही बाजूंनी म्हणजे तीनशे चिप्सना सहाशे स्टिकर, व्हायनलवर छापून वर मॅट लॅमिनेशन, हे काम सांगलीत कुठल्याही बऱ्या फ्लेक्स-स्टिकरवाल्याकडं होतं. लॅमिनेशन सोडू नका, डावाला भडंग असणारच आणि भडंगाच्या तेलानं साधं स्टिकर कडेनं सुटतं.

दुसरा रस्ता सिरॅमिक. नाव सिरॅमिक पण कपबशीसारखं नसतं ते, कडक प्लास्टिकसारखं मिश्रण असतं, वजन दहा ग्रॅमच्या आसपास. यावर सब्लिमेशननं छापतात, म्हणजे उष्णतेनं शाईची वाफ होऊन ती वरच्या थरात शिरते, त्यामुळं छपाई सोलत नाही, आणि मुख्य म्हणजे पूर्ण तोंडावर आणि कडेवर सुद्धा छापता येतं. आठवणींच्या सेटला मला हेच सगळ्यात योग्य वाटतं. मगवर फोटो छापणारं दुकान हे करू शकेल असं वाटतं पण कोऱ्या चिप्स आणि कड छापायचा साचा त्यांच्याकडं सहसा नसतो, म्हणून चिप्सचंच काम करणाऱ्याकडून ऑनलाइन मागवायला लागतं. परदेशातून येणार असेल तर कस्टम ड्युटी आणि कुरिअर धरून घरपोच किती ते आधी लिहून घ्या.

तिसरा, लेझर कटिंगवाल्याकडून ॲक्रिलिक किंवा लाकूड. दिसायला सुंदर पण वजन बघा, ४० मिमी गोल आणि ३ मिमी जाड ॲक्रिलिक साधारण साडेचार ग्रॅम भरतं, सिरॅमिकच्या निम्म्याहून कमी, चवड धक्क्यानं पडते आणि हाताला भरीव वाटत नाही. भेट म्हणून चालेल, रोज खेळायला नाही. आणि लेझरवाल्याला पीव्हीसी शीट कापायला सांगू नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो, चांगला माणूस स्वतःच नाही म्हणेल.

काठ

चिप टेबलावर बहुतेक वेळ चवडीत असते आणि चवडीत तिचं तोंड दिसतच नाही, दिसते ती कड. म्हणून काठाची नक्षी ही सजावट समजू नका, तीच ओळख आहे. चारही चिप्सना काठावर वेगळी नक्षी आणि वेगळी संख्या द्या. आमच्यात चिंचोक्याला चारच तपकिरी ठिपके, लांब लांब. हळदीला सहा जाड आडवे पट्टे, गोणीच्या शिवणीसारखे. पुलाला आठ पांढऱ्या कमानी. चंद्रकळेला सलग लाल पट्टा आणि त्यात पांढरे दातेरी टोप गोलभर. आता चवडीत एखादी चुकीची चिप घुसली तर टेबलाच्या पलीकडून दिसते.

तोंडावरची नक्षी कडेवर वळून जाते तिथं छपाईत एखादा मिमी इकडंतिकडं होतोच. त्यामुळं कडेवर बारीक रेषा, अक्षरं, जाळी असलं काही टाकू नका. जाड, ठळक, आणि थोडी सरकली तरी कळणार नाही अशी नक्षी पाहिजे. लुगड्यांचे काठ, रांगोळीच्या कडा, सतरंजीचे पट्टे हे सगळे मुळात तसेच असतात म्हणून ते इथं फिट बसतात.

आकडे आणि अक्षरं, देवनागरीचा त्रास इथं आहे

आकडा मोठा पाहिजे, उंची निदान १० मिमी. देवनागरी टाकायचा की इंग्रजी? घरातली इंग्रजी मीडियमची पोरं देवनागरी आकड्याला क्षणभर अडखळतात आणि आजीला उलटं होतं, म्हणून दोन्ही टाका, मोठा देवनागरी आणि खाली लहान इंग्रजी. चिपला वरखाली नसतं, कशीही पडते, तेव्हा आकडा दोन बाजूंना समोरासमोर दिला तर अजून चांगलं.

फॉन्ट निवडताना ल, श आणि ५, ८ बघा. बऱ्याच फॉन्टमधे हिंदी वळणाची रूपं येतात, आपल्या शाळेत शिकलेला ल आणि श वेगळा, आणि आजीच्या तोंडचं वाक्य हिंदी वळणात छापलं तर ते डोळ्याला टोचतं. बालू (Baloo), मुक्त (Mukta) असे युनिकोड फॉन्ट फुकट मिळतात आणि जाड वजनात लहान आकारालाही वाचता येतात.

गोलाकार मजकूर शक्यतो टाळा. इंग्रजीत प्रत्येक अक्षर सुटं असतं म्हणून वळवलं तरी चालतं, आपल्याकडं शिरोरेघ आहे, गोल वळवली की दर अक्षरामागं पाचर मारल्यासारखी फट पडते. आणि वरच्या वेलांट्या, मात्रा, अनुस्वार कापायच्या रेषेपर्यंत पोचतात ते वेगळंच. टाकायचाच असेल तर शब्द वळवून झाल्यावर शिरोरेघेच्या जागी वर्तुळाचा एक सलग कंस हातानं काढा आणि अक्षरं त्याला टांगा, वेळ लागतो पण दिसतं छान.

माझा सल्ला, पुढच्या बाजूला खूण आणि आकडा, मागं एक सरळ ओळ, दोन-तीन शब्दांची, घरातलं कुणीतरी डावात नेहमी म्हणायचं ती. रेकॉर्डिंग इथं कामाला येतं. "टाक की पान", "आता माझी बारी", "अजून एकच डाव", असलं काहीतरी, आणि त्यांच्याच बोलीत, शुद्ध करू नका. अक्षराची उंची मात्रेसकट तीन मिमीच्या खाली नको आणि कुठलीही रेषा ०.३ मिमीपेक्षा बारीक नको.

फाइल

३९ मिमीच्या चिपला चारही बाजूंनी २ मिमी ब्लीड, म्हणजे कापायच्या रेषेबाहेरची जास्तीची छपाई, धरून ४३ मिमीचं वर्तुळ करा, महत्त्वाचं सगळं मधल्या ३५ मिमीत ठेवा. इंकस्केप फुकट आहे, कोरलड्रॉ येत असेल तर उत्तम, आपल्याकडचे प्रेसवाले त्यातच काम करतात. व्हेक्टरमधे, म्हणजे कितीही मोठं केलं तरी न फाटणाऱ्या रेषांत, केलं तर रिझोल्यूशनची चिंता नाही, फोटोशॉपसारख्यात करणार असाल तर ६०० डीपीआय ठेवा म्हणजे ४३ मिमीला साधारण १०१६ पिक्सेल येतात. रंग सीएमवायके मधे, म्हणजे छपाईच्या चार शायांत, बघून घ्या, स्क्रीनवरचा झगझगीत निळा छापल्यावर बसका होतो.

आणि पाठवायच्या आधी सगळी अक्षरं कर्व्हमधे बदला, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्या करा. हे विसरलं की समोरच्याकडं तो फॉन्ट नसतो आणि आजीचं वाक्य अगम्य चिन्हांत येतं, श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधे टाइप केलेलं असेल तर हमखास. मूळ फाइल अक्षरांसकट वेगळी ठेवा, पाठवायची प्रत वेगळी.

पुठ्ठ्याच्या चिप्सवर एक डाव

ऑर्डर द्यायच्या आधी हे कराच, खर्च जवळजवळ शून्य. डिझाइन कागदावर छापा, प्रिंटरमधे ॲक्च्युअल साइज निवडा, फिट टू पेज नको नाहीतर माप बदलतं. पट्टीनं मोजून ३९ मिमी आहे ना बघा. जाड पुठ्ठ्यावर चिकटवून कापा, प्रत्येक किमतीच्या वीस-पंचवीस केल्या तरी पुरे, आणि रात्री खरंखुरं डावाला बसा. ट्यूबखाली, मग पिवळ्या बल्बखाली. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला चष्म्याशिवाय ओळखायला सांगा आणि सगळ्यात लहान पोराला ढीग वेगळे करायला सांगा. दोघं अडखळले नाहीत तर डिझाइन पास. लोक काय नावं ठेवतात त्याकडं पण लक्ष द्या, "ती पिवळी" म्हणतायत का "हळद" म्हणतायत. "पिवळी"च म्हणत असतील तर खूण पुरेशी ठळक नाही, मोठी करा.

सॅम्पल

तीनशेची ऑर्डर देऊ नका, आधी प्रत्येकी एक-दोन सॅम्पल मागवा, पैसे जास्त पडले तरी. आल्यावर चारही प्रकार एकमेकांवर ठेवा, जाडी सारखी पाहिजे, ३.३ मिमीच्या आसपास, कारण खेळताना चवडीची उंची बघून चिप्स मोजतात आणि पातळ-जाड असतील तर मोजणी चुकते. ओल्या फडक्यानं जोरात पुसा. गुळगुळीत फरशीवर कमरेच्या उंचीवरून टाका आणि कडेचा टवका उडतो का बघा. साय रंगाच्या चिपवर भडंगाची बोटं लावा, हळदीचा डाग पडतो का ते कळेल. पडला तर साबणाचं कोमट पाणी आणि थोडा वेळ ऊन, हळदीचा रंग उन्हानं उडतो, पण चिप्स दिवसभर उन्हात ठेवायच्या नाहीत, छपाई पण फिकी होते. थिनर, स्पिरिट वगैरे लावू नका.

रंग कागदासारखा येणार नाही हे धरून चला, थोडा फरक असतोच. फरक घरच्यांना दाखवा आणि ज्यांची आठवण आहे त्यांनाच विचारा. लाल काठ आत्याच्या डोळ्यातल्या लालाशी जुळतो का ते आत्याच सांगणार, आपण कोण.

डबा आणि गोष्टीचा कागद

दहा ग्रॅमची एक म्हणजे तीनशेचे तीन किलो झाले, तळ आणि कडी मजबूत पाहिजे. सुताराकडून सागवानी पेटी करून घेणार असाल तर आतल्या खाचा ४० मिमीपेक्षा किंचित रुंद आणि ७० मिमी लांब सांगा, वीस चिप्स साधारण ६६ मिमी होतात, बोट घालायला जागा राहते. घरात जुनी पत्र्याची ट्रंक, पानाचा मोठा डबा असलं काही पडून असेल तर त्यातच लाकडी खाचा बसवून घ्या, मला स्वतःला ते नव्या पेटीपेक्षा आवडतं.

झाकणाच्या आत एक कागद. प्रत्येक चिपची गोष्ट चार-पाच ओळींत, आणि ती टाइप करू नका, ज्यानं सांगितली त्याच्याच हस्ताक्षरात लिहून घ्या. आत्याला लिहायचा कंटाळा असेल तर तिनं सांगायचं आणि नातवानं लिहायचं, खाली तिची सही. चिपवर न मावलेल्या आठवणी, ती भूपाळी, ते झाडावरून झालेलं भांडण, सगळं इथं येतं. कागद स्कॅन करून दोन-तीन घरांत पाठवून ठेवा, पुराचं पाणी सांगून येत नाही. मूळ कागद लॅमिनेट करू नका, कापडी पाकिटात ठेवा.

शेवटचं ऑर्डरबद्दल. दर प्रकाराच्या पाच-सहा जास्तीच्या मागवा, सोफ्याखाली, गाडीत, पाहुण्याच्या खिशात जातातच, आणि नंतर मागवल्या तर दुसऱ्या बॅचचा रंग आधीच्याशी तंतोतंत जुळेल याची खात्री नसते. जास्तीच्या डब्यात ठेवू नका, वेगळ्या पुडीत बांधून आत एक चिठ्ठी टाका, कुठून छापल्या, कुठल्या महिन्यात, फाइलचं नाव काय, माप किती.